पांढऱ्या दिव्याचे साहेब

बल्ब माझ्या तळहातावर मावत होता, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे त्याच्यापायी एक मेंढा कापला गेला, माझ्या बायकोची हक्काची बसायची जागा गेली, सरकारी कचेरीत माझ्या वडिलांच्या डोळ्यांची चौकशी सुरू झाली आणि एका संध्याकाळी थोडा वेळ मी स्वतः बडा साहेब झालो. पण मूळ वस्तू तळहातावर मावणारी होती. रुमालात गुंडाळून ती मी बाजारातून घरी आणली तेव्हा माझ्या मनात कुणाचंही वाईट नव्हतं.

गाडी उराल मोटारसायकल. शेजारी साइडकार जोडलेली, खाकी रंगाची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आकेंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्यावरून तेवीस वर्षं खोऱ्यातलं टपाल वाहिलं. मग डोळे अधू झाले आणि गाडी माझ्याकडे आली. कागदोपत्री मात्र ती अजून त्यांचीच. तिचा पुढचा दिवा सहा व्होल्टचा. त्याच्या उजेडात रस्ता दिसत नसे, रस्ता असावा असा विश्वास तेवढा बसे.

आई गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, माझा एकच नेम आहे. संध्याकाळची शाळा सुटली, अंधार पडला की बायकोने, अनारकानने, बांधून दिलेलं जेवणाचं भांडं साइडकारमध्ये ठेवायचं आणि अकरा किलोमीटरवर कारा-बुलुनला जायचं. आके तिथे एकटे राहतात. गावाआधी पूल आहे, तिथे नदी इतकी गरजते की इंजिन चालू आहे की बंद हे चालवणाऱ्यालाही कळत नाही. पूल ओलांडला की मी इंजिन बंद करतो आणि उतारावरून गाडी नुसती सोडून देतो. पेट्रोल वाचवायची ही आकेंचीच शिकवण. इंजिन थांबलं की दिवा आणखी पिवळा व्हायचा, मग तांबूस. आके बाकावर बसलेले असायचे. तो ठिपका वळणावर दिसला की उठून आत जायचे आणि चहा ठेवायचे. मी गाडीवरून उतरायचो, बुटांची माती झाडायला साइडकारच्या चाकावर पाय दोनदा आपटायचो, आणि आत जाईतो चहा ओतलेला असायचा.

ही वाट मला फार प्रिय होती, हे कबूल करायला हवं. घरात मी नवरा, वर्गात आगाय म्हणजे मास्तर, शेजारपाजारी सल्ला द्यायला सोयीचा माणूस. त्या अकरा किलोमीटरांत मात्र मी कोणीच नसे. पिवळ्या उजेडात पॉप्लरची झाडं एकेक करून पुढे यायची आणि काही न विचारता मागे जायची. मी भूगोलाचा मास्तर, वर्षानुवर्षं फळ्यावर नद्या काढतो. पण खरी नदी माझ्यासाठी तीच, डाव्या हाताला अंधारात बोलत जाणारी. कित्येकदा पोचल्यावर मला आठवत नसे की मी गाडी चालवली होती.

अनारकानला या शेवटच्या वाक्याची धास्ती वाटे. सप्टेंबरात एकदा मी रस्त्यात बसलेली गाय आणि तिचं वासरू यांच्या मधून गेलो, आणि ते मला वासराने हंबरून सांगितलं. मी ही गंमत म्हणून घरी सांगितली. अनारकान हसली नाही.

"अहो, एक दिवस तुम्ही नदीत जाल," ती म्हणाली. "आणि माझं भांडंही जाईल."

भांडं तिच्या आईचं होतं, त्यामुळे मी फार मनाला लावून घेतलं नाही.

तिला काळजी नुसती माझी नव्हती. आकेंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शहरातला डॉक्टर म्हणाला होता, अर्ध्या तासाचं काम आहे, घेऊन या. आके म्हणाले, मला जे बघायचं ते दिसतं. आमच्याकडे त्यांच्यासाठी शेगडीची खोली तीन वर्षं तयार आहे. आके म्हणाले, माझी शेगडी इथे आहे. मागच्या हिवाळ्यात बर्फाने रस्ता नऊ दिवस बंद झाला आणि ते नऊ दिवस मी खिडकीशी कसे काढले ते माझं मला ठाऊक. यंदा बर्फाच्या आत काहीतरी व्हायलाच हवं होतं. माझ्या जिवाला खरा घोर होता तो हा. पण जे जमण्यासारखं नसतं ते बाजूला ठेवून माणूस जमण्यासारखं काहीतरी हाती घेतो. मी बल्ब हाती घेतला.

आमचे शेजारी शेरगाझी आबा पूर्वी टेलिफोन केंद्रात होते. तारेतून जे काही जातं त्यातलं आपल्याला कळतं, अशी त्यांची समजूत आहे आणि ती मोडायची कुणाची छाती नाही. त्यांनी माझा एलईडी बल्ब नाकाजवळ धरला, हुंगला आणि जोडून दिला. बल्ब काजव्याएवढा लुकलुकला.

"बारा व्होल्टचा आहे हा. तुझी गाडी सहाची," आबा म्हणाले. "घोड्याचं खोगीर मेंढीवर घातलंस तू, आगाय."

बल्ब परत करावा हा साधा विचार तेव्हा सुचला असता तर ही कथा इथेच संपली असती. पण तोवर अंगणात माणसं जमू लागली होती. आमच्याकडे कुणी नवीन वस्तू आणली की लोक ‘कुट्टू बोल्सुन’ म्हणायला येतात, म्हणजे ती वस्तू लाभो. आणि नुसतं म्हणून कुणी जात नाही. वस्तू कुणाला लाभते ते पुढे कळतं, जेवण आलेल्यांना लगेच लाभतं. बल्ब बशीत ठेवून वडीलधाऱ्यांच्या हातून फिरवण्यात आला. प्रत्येकाने तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, आशीर्वाद दिला, तोंडावरून हात फिरवला. अनारकानने त्या दिवशी तीन पराती बोरसोक, म्हणजे कणकेचे गोळे, तळले. बल्ब माझ्याकडे परत आला तेव्हा त्याला तुपाचे चार अंगठे लागलेले होते.

आशीर्वाद मिळालेला बल्ब परत कसा करणार? मग बारा व्होल्टचा डायनामो आला. शेरगाझी आबांचं शास्त्र या बाबतीत पक्कं होतं. बल्बला चहा-बोरसोक पुरे, डायनामो म्हटला की कोंबडा, आणि बॅटरीला मात्र मेंढाच. मी विनवणी केली की बॅटरी लहानशीच घेऊ. आबा म्हणाले, बॅटरीच्या आकारावर मेंढ्याचा आकार ठरत नाही.

बॅटरी मोटारीची निघाली. जुन्या जागी ती बसेना, म्हणून आबांनी साइडकारमध्ये पाय ठेवायच्या जागी पट्ट्याने आवळली. तिथे गेली सव्वीस वर्षं अनारकानचे पाय असायचे. तिने एकदा बसून पाहिलं, गुडघे हनुवटीला लावून, आणि उतरली. त्यानंतर तिने मला दोन दिवस ‘अहो’ म्हटलं नाही, ‘आगाय’ म्हटलं. बायकोने नवऱ्याला हुद्द्याने हाक मारली की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलं.

मेंढा कापला तेव्हा जेवताना सल्ले झाले. एक म्हातारा म्हणाला, पांढऱ्या उजेडाने घोड्या बिचकतात. दुसरा म्हणाला, काचेला थोडं काजळ लाव म्हणजे उजेड सौम्य होईल. मला वाटलं, सौम्यच हवा होता तर मी एवढा मेंढा कशाला वाढला? मुंडकं वडिलांच्या मानाचं, म्हणून ते घेऊन मी जुन्याच दिव्याने वर गेलो. कशानिमित्त, असं आकेंनी विचारलं. नवा दिवा त्यांना अचानक दाखवून चकित करायचा माझा बेत होता, त्यामुळे मी शेरगाझी आबांचं नाव पुढे केलं. आकेंनी रीतीप्रमाणे मेंढ्याचा कान कापला आणि मला दिला. दिला तो माझ्या ताटलीत नाही, माझ्या बाहीत.

"हात हलवू नकोस," आके म्हणाले.

मी हात हलवला नव्हता.

आता कागदपत्रं. बाजाराच्या चौकात पोलीस उभा असतो, तो असला पांढरा दिवा सोडणार नाही, असं आबांचं म्हणणं पडलं. म्हणून मी रजा टाकून वाहन नोंदणीच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाई, ज्यांना सगळे एजे म्हणजे ताई म्हणत, गोड होत्या. त्यांनी मला चहा दिला, गाडीची पुस्तिका उघडली आणि बोट ठेवलं. दिवा: एक, पिवळा. म्हणजे हा रचनेतला बदल झाला. त्यासाठी मालकाचा अर्ज हवा, आणि मालक ऐंशीच्या पुढचे असल्याने त्यांच्या डोळ्यांचा दाखला.

"एजे, ते गाडी चालवत नाहीत," मी म्हणालो. "मालक आहेत फक्त."

"मालकी काय डोळे मिटून करायची, आगाय?" बाई म्हणाल्या.

शिवाय तपासनीस साहेब मालकाच्या घरी येऊन दिवा पाहणार होते. कधी, तर त्यांची स्वतःची गाडी दुरुस्त झाली की. मी आकेंना एवढंच सांगितलं की गाडीच्या कागदांसाठी कुणी साहेब येतील कदाचित. आके टपालखात्यातले. साहेब हा शब्द ऐकताच ते बसल्या जागी ताठ झाले. किती वाजता, असं त्यांनी विचारलं.

अखेर ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी दिवा लागला. शेरगाझी आबांनी बटण दाबलं आणि आमच्या गल्लीतल्या शेवटच्या घराची भिंत, जिथे आजवर कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, पोपड्यांसकट समोर येऊन उभी राहिली. माझी छाती फुगली. भांडं घेऊन मी निघालो.

आणि मला रस्ता दिसला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच दिसला. डाव्या बाजूला, माझ्या चाकापासून वीतभर अंतरावर तो संपत होता, आणि तिथून खाली नदीपर्यंत काहीही नव्हतं. इतकी वर्षं मी गाणी गुणगुणत या काठावरून गेलो होतो. मी पहिला गिअर टाकला आणि तो शेवटपर्यंत बदलला नाही. एका गाढवाने मला मागे टाकलं, त्याच्यावर बसलेल्या माणसाने वळून सहानुभूतीने पाहिलं.

पण भीती ओसरल्यावर दुसरंच काही झालं. पॉप्लरची पानं गळत होती. एकेक पान उजेडात शिरायचं, क्षणभर थांबल्यासारखं व्हायचं आणि आपल्या सावलीसह खाली यायचं. कुरणात एका घोडीचे डोळे हिरवे चमकले आणि मिटले. धूळ हवेत उभी होती, कुणीतरी नुकतंच बोलून गेल्यासारखी. मी गाडी थांबवून किती वेळ ते बघत राहिलो, सांगता येत नाही. पुलावर पोचलो तेव्हा नेहमीपेक्षा बराच उशीर झाला होता.

इंजिन बंद करून मी उतारावर गाडी सोडली. नवा दिवा इंजिनाविनाही तसाच लख्ख. तो पांढरा उजेड आवाज न करता आकेंच्या दारापर्यंत सरकत गेला आणि बाकावर पडला. आके उठून उभे राहिले. डोळ्यांवर आडवा हात धरला. मग हात खाली घेऊन त्यांनी चापानची, म्हणजे लांब कोटाची, सगळी बटणं लावली, डोक्यावरचा कल्पाक नीट केला. मी उतरलो, सवयीने चाकावर दोनदा बूट आपटले, आणि ‘आके’ म्हणणार एवढ्यात ते म्हणाले,

"या साहेब."

मी मागे वळून पाहिलं, तिथे कुणी नव्हतं.

"गाडी माझ्या नावावर आहे," आके म्हणाले. "जो काय दंड तो मला करा. पोराला मध्ये आणू नका."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं, हे मला मान्य आहे. पण आपला बाप परक्यासमोर आपल्याविषयी काय बोलतो हे ऐकायची संधी आयुष्यात कितींदा येते? मी घसा साफ केला, साहेबासारखा, आणि गप्प राहिलो.

"पोरगा वाईट नाही," आके म्हणाले. "गाडी मात्र त्याला चालवता येत नाही. क्लच असा सोडतो की वाटावं याकला काठी मारली. भूगोल शिकवतो म्हणे. या रस्त्यावर जेवढे खड्डे आहेत तेवढ्या सगळ्यांतून जातो, एक चुकवत नाही."

शाळेच्या व्हरांड्यात आदर्श शिक्षक म्हणून ज्याचा फोटो लावलेला आहे, तो मी, हे उभ्याने ऐकून घेत होतो. साहेबांना बसा म्हणायचंही आकेंना सुचलं नव्हतं.

नदीचा आवाज वरून येत होता.

"दिवा मंद आहे, मान्य," ते हळू म्हणाले. "पण तो बदलायला लावू नका साहेब. माझ्या डोळ्यांत नुसतं धुकं आहे आता. त्यात एवढाच एक पिवळा ठिपका दिसतो, वळणावर. तो दिसला की मी चहा ठेवतो. पोराला वाटतं मला अजून दिसतं."

"त्याला कळलं तर तो मला खाली नेईल," आके पुढे म्हणाले. "एकदा डोळ्यांसाठी खाली नेलं की परत कोण आणतंय? सून गुणाची आहे, खोली तयार आहे, सगळं ठाऊक आहे मला. पण खाली तो सगळ्यांचा असतो. शाळेचा, शेजाऱ्यांचा, तिचा. इथे तासभर तो माझ्या एकट्याचा असतो. हे पोराला कसं सांगायचं साहेब? सांगण्यासारखी गोष्ट आहे का ही?"

मी दिवा बंद केला. दुसरं काय करावं ते कळेना. अंधारात मी चोरपावलांनी फाटकापर्यंत गेलो, डोळे पुसले, आणि पाय वाजवत परत आलो.

"आके," मी म्हणालो.

"कोण, कानिमेत? उशीर केलास. साहेब येऊन गेले."

"भेटले मला वाटेत."

"काय म्हणाले?"

मी आयुष्यात सरकारी भाषेचा एवढा मनापासून उपयोग कधी केला नव्हता. मी सांगितलं की साहेबांनी पिवळ्या दिव्याला परवानगी दिली आहे, मात्र अटी घातल्या आहेत. मालकाने डोळ्यांचं ऑपरेशन करून दाखला आणायचा. त्यानंतर मालकाला राहायचं तिथे राहू द्यायचं, कुणी अडवायचं नाही, तसं माझ्याकडून लिहून घेणार आहेत. फक्त बर्फाचे दोन महिने मालकाने खाली यायचं. आणि त्या दोन महिन्यांत रोज संध्याकाळी एक तास मालकाने मुलाला घेऊन शेडमध्ये गाडीची तपासणी करायची. दोघांनीच, तिसरं माणूस चालणार नाही.

आकेंनी चापानचं वरचं बटण सोडलं.

"एक तास म्हणाले?"

"कमीत कमी."

"मग करावंच लागेल," आके म्हणाले. "सरकारी काम आहे."

शेरगाझी आबांनी जुना पिवळा दिवा साइडकारच्या नाकावर बसवून दिला, वेगळ्या छोट्या बॅटरीवर. जुन्या दिव्याला शास्त्राप्रमाणे नुसता चहा लागतो असा त्यांनी निर्णय दिला, तरी पंधरा माणसं आलीच. शहरात आकेंचं ऑपरेशन झाल्यावर कचेरीतल्या बाईंनी डोळ्यांचा दाखला फाईलला लावला आणि पुस्तिकेत खाडाखोड करून लिहिलं, दिवे: दोन. दुसरा कशासाठी, त्यांनी विचारलं. ओळखीसाठी, मी म्हणालो. बाईंनी तसंच लिहिलं. खरे तपासनीस साहेब अजून आलेले नाहीत, त्यांची गाडी दुरुस्त व्हायची आहे. अनारकान हल्ली माझ्या मागे बसते आणि पुन्हा ‘अहो’ म्हणते.

डिसेंबरात रस्ता बंद व्हायच्या आदल्या दिवशी मी आकेंना खाली आणलं. पहिल्याच संध्याकाळी आम्ही शेडमध्ये तपासणीला बसलो. अनारकानने दाराबाहेर चहाची किटली ठेवली आणि साहेबांचा हुकूम मानून आत न येता निघून गेली. मी किटली घेऊन आत आलो, बुटांना बर्फ लागला होता म्हणून चाकावर पाय दोनदा आपटले. आके नव्या डोळ्यांनी गाडी बघत होते. आधी पिवळा दिवा पाहिला, मग पांढरा, मग बराच वेळ माझे बूट.

"तू म्हातारा झालायस की रे," ते म्हणाले. "मला कुणी सांगितलं नाही."

मी चहा ओतला.

"ते साहेब भले होते," आके म्हणाले. "त्यांनीही असेच बूट आपटले होते चाकावर. दोनदा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते चहाकडे बघत होते.

"परत कधी यायचेत ते?" आकेंनी विचारलं. "त्यांना अजून दोन-चार गोष्टी सांगायच्या राहिल्यात."

मी किटली खाली ठेवली. उठलो, गाडीपाशी गेलो आणि पांढरा दिवा लावला. आकेंनी पेला बाजूला सारला, चापानची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि डोळे मिटून घेतले.

"या साहेब," ते म्हणाले. "बसा."